बारशीची सकाळ

आषाढी एकादशीचं पंढरपूर ज्याने प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्याने ते टीव्हीवर तरी पाहिलेलं असतं. मध्यरात्र उलटून दोन-अडीच वाजता शासकीय महापूजा, मुख्यमंत्री सपत्नीक, दर्शनरांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी जोडपं, पावसासाठी विठ्ठलाला साकडं. मग आकाशातून टिपलेलं चंद्रभागेचं वाळवंट, वाळूचा कण दिसणार नाही इतकं माणसांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तेच चित्र रंगीत. त्या दुसऱ्या दिवशीचं, म्हणजे बारशीचं पंढरपूर मात्र कुणी दाखवत नाही. ते पाहायला कॅमेरे थांबत नाहीत आणि आपणही थांबत नाही. आपल्याला एसटीत जागा धरायची असते.

मी थांबलो. एकदा नव्हे, लागोपाठ तीन वर्षं.

2011च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या लाखाच्या आतच होती. त्या गावात आषाढीला दहा-बारा लाख माणूस उतरतो. कार्तिकीला थोडा कमी, माघी आणि चैत्रीला आणखी कमी. पण कमी म्हटलं तरी गावाच्या कितीतरी पट. एवढी माणसं दोन-तीन दिवस जेवतात, झोपतात, आणि जेवलेला माणूस सकाळी जिथे जातो तिथेही जातात. यातलं जेवण आपण मोजतो. कुठल्या मठात किती पंगती उठल्या, कुणी किती पोती साबुदाणा दिला, याच्या पाट्या लागतात. उरलेल्या हिशेबाची पाटी नसते.

बारशीला उजाडताना नदीकाठी पाऊस भुरभुरत होता. वाळवंटाच्या वरच्या अंगाला, एका मठाच्या मागच्या भिंतीलगत पाच-सहा बायका कामाला लागल्या होत्या. वाळूवर पत्रावळ्या, चहाचे कप, पावसात डोक्यावर घ्यायचे प्लास्टिकचे कागद, फुटकी चप्पल, एक तुळशीमाळही होती. भिंतीच्या कडेने मात्र वेगळाच ऐवज होता. पन्नाशी उलटलेली एक बाई तिथे एकटीच वाकलेली. डाव्या हातात तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, उजव्या हातात झिजलेला खराटा. पत्रा जमिनीला तिरका लावायचा, खराट्याने एकदाच ओढायचं, पत्रा घमेल्यात उलटा करायचा. पुन्हा पत्रा, पुन्हा खराटा. हे काम पहिल्यांदा करणारा माणूस दोनदा-तीनदा ओढतो आणि पसरवून ठेवतो; तिचं एकदाच ओढण्यात उरकत होतं. एवढी सफाई हातात यायला किती वर्षं जावी लागतात, ते तिला विचारायचा मला धीर झाला नाही. रबरी हातमोजे होते, पण ते तिने कमरेला खोचले होते. पुरुषाच्या मापाचे, आत पाणी गेलेलं, खराटा निसटतो म्हणाली.

“मावशी, दर्शन झालं का?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“कवाचं दर्शन? एकादशीला डुटी, बारशीला डुटी. पुनवंपातूर सुट्टी न्हाई.” मग सरळ उभी राहून पाठीला हात लावत म्हणाली, “देव काय, हितलाच हाय. पळून जातोय व्हय?”

हे वाक्य कीर्तनात सांगितलं तर टाळ्या पडतील. केवढी श्रद्धा म्हणून बुवा डोळे पुसतील, लोकही पुसतील, आणि डोळे पुसून झाल्यावर त्याच मठाच्या मागच्या भिंतीकडे जातील. आपल्या समाजाची ही फार जुनी कला आहे. ज्याच्या पाठीवर आपण ओझं ठेवलं त्याच्या सोसण्याची आरती ओवाळायची, म्हणजे ओझं उतरवायचा प्रश्न उरत नाही.

मी वारीचा वैरी नाही. माळकऱ्याच्या घरात वाढलो. वडिलांचा हात धरून वाखरीपासून पंढरपूरपर्यंत चाललो आहे. अनोळखी म्हातारा आपल्या पायाला हात लावतो आणि आपण त्याच्या, तेव्हा छातीत काय हलतं ते मला ठाऊक आहे. पण त्या पाया पडण्यावरच आपण इतके भाळलो की वारीत सगळे समान, एवढं एकदा म्हटलं की पुढे बघायचं नाही, असा रिवाजच पडला. इरावती कर्व्यांनी वारी केली आणि ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला. त्यांच्या एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा रोज बरोबर चालत, बरोबर भजन म्हणत आणि मुक्कामावर वेगवेगळे जेवायला बसत. त्यांना ते खुपलं, त्यांनी ते लिहिलं. आज पंक्ती पुष्कळ अंशी एक झाल्या असतील. पण पंगत उठल्यानंतरचं काम? ते कुठल्या जातीकडे आहे हे पाहायला कुणा संशोधकाची गरज नाही. बारशीच्या सकाळी खराटा घेतलेल्या हातांची आडनावं विचारा. मेहतर, रुखी, मांग, पूर्वाश्रमीचे महार. तीन वर्षांत मला त्या कामावर एक देशमुख दिसला नाही, एक कुलकर्णी दिसला नाही. माझ्या आडनावाचाही कुणी दिसला नाही.

इथे पंढरपूरचीच एक गोष्ट सांगायला हवी. या देवळात पिढ्यानपिढ्या बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचा वारसाहक्क होता. देवासमोर पडणारा पैसा, पूजेचा मान, सगळं जन्माने ठरलेलं. भाविकांना होणाऱ्या जाचाच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या, नाडकर्णी आयोग बसला, 1973 साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, आणि तो कोर्टात चाळीस वर्षं लढवला गेला. अखेर जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वारसाहक्क कायमचा संपवला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून अर्ज मागवले. आपण पेढे वाटले आणि ते बरोबरच होतं. जन्मावरून देवाची पूजा कुणी करायची हे ठरू नये.

पण त्याच गावात दुसरा एक वारसाहक्क आहे. महाराष्ट्र शासनाने लाड-पागे समितीच्या शिफारशी स्वीकारल्या, तेव्हापासून सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला की त्याच्या वारसाला नोकरी मिळते. हे सगळ्या राज्याला लागू आहे, पंढरपूरलाही. हेतू चांगला होता, हे मान्य. या घरांना दुसरं कुणी दार उघडत नव्हतं. निदान उघडलेलं दार तरी बंद होऊ नये, एवढीच त्यामागची माणुसकी. त्या घरांनी तो हक्क घट्ट धरून ठेवला तर त्यांना बोल लावायला मी धजणार नाही. ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाण्यापेक्षा बापाच्या जागी कायम होणं केव्हाही बरं. बोल लावायचा तो आपल्याला. बडव्याच्या मुलाने बडवेच व्हावं याचा आपल्याला संताप आला आणि आपण चाळीस वर्षं लढलो. मेहतराच्या मुलाने मेहतरच व्हावं, हे आपल्याला कल्याणकारी योजनेसारखं वाटतं. पूजेच्या जागेसाठी सर्व जातींतून अर्ज मागवले, तेव्हा मुलाखतीला रांग लागली. खराट्याच्या जागेसाठी तशी जाहिरात देऊन पाहावी कुणीतरी.

2014 हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगं. माणसाने माणसाचा मैला हाताने उचलायचा नाही, असा पहिला कायदा 1993चा. तो कागदावरच राहिला म्हणून 2013 साली दुसरा, अधिक कडक. आणि मार्च 2014 मध्ये, म्हणजे बडव्यांच्या निकालानंतर अडीच महिन्यांच्या आत, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1993 पासून गटारात उतरून मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्या. दोन्ही निकाल एकाच कोर्टाचे. पहिला पंढरपूरच्या चौकाचौकात वाचला गेला. दुसरा बारशीच्या सकाळी त्या भिंतीलगत पोचलेला मला तरी दिसला नाही.

मुंबई उच्च न्यायालयातही याच सुमाराला पंढरपूरच्या या कामाविरुद्ध जनहित याचिका गेली. न्यायालयाने शासनाला धारेवर धरलं, शौचालयं बांधा म्हणून बजावलं, वाळवंटात राहुट्या ठोकण्यावर बंधनं घातली. नदीपलीकडच्या पासष्ट एकरांवर दिंड्यांची सोय झाली, फिरती शौचालयं आली, ‘निर्मल वारी’ उपक्रमाचे स्वयंसेवक वाटेवर उभे राहिले. सुधारणा झाली आहे, ती मी डोळ्यांनी पाहिली. पंधरा वर्षांपूर्वीची बारस आणि आजची यात फरक आहे. पण वाळवंटावर बंधनं आली तेव्हा आपली पहिली प्रतिक्रिया काय होती? परंपरेवर घाला! वाळवंटात कीर्तन करण्याचा आमचा हक्क! निषेध झाले, निवेदनं गेली, पुढे न्यायालयाने थोडी सूटही दिली. कीर्तनाच्या हक्कासाठी भांडायला हरकत नाही. मात्र ज्या वाळूवर नाचायचा हक्क आपण मागत होतो, ती वाळू आदल्या रात्री कुणी साफ केली, त्यांच्यासाठी एका ओळीचं निवेदन कुठल्या फडाने, कुठल्या मठाने दिल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आणि फिरती शौचालयं आली तरी ती धुतं कोण? जागा बदलली, हात तेच राहिले.

आता माझं स्वतःचं. पंढरपुरात आमच्या नात्यातला एक जुना वाडा होता. लहानपणी आषाढीला आम्ही तिथेच उतरायचो. वाड्याच्या मागे अरुंद बोळ, बोळात उघडणारी लाकडी झडप, झडपेआड टोपली. उंचावर दोन दगडी पायऱ्या चढून बसायचं. सकाळी बोळातून एक बाई यायची, झडप उचलायची, टोपली ओढायची. ती येण्याच्या वेळी कुणी आत असेल तर बाहेरून खाकरायची. तेवढाच तिचा आवाज मला माहीत. यात्रेच्या दिवसांत वाड्यात चाळीस-चाळीस माणसं असत. टोपली तीच एक. बारशीला आजी तिच्यासाठी पुरणपोळी ठेवायची, पानावर, बोळाच्या उंबऱ्याशी. वरून सोडायची, हात लागू नये म्हणून. “सणाचं तिच्या पोटात काही गेलं पाहिजे रे,” असं आजी म्हणायची, आणि मला ती जगातली सर्वांत दयाळू बाई वाटायची. दयाळू होतीच ती. तिने कधी कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. एवढ्या दयाळू माणसाला त्या वरून सोडण्यात काही वावगं दिसत नव्हतं, हे मला अजून सुन्न करतं. मला तरी कुठे दिसलं? मी दहा वर्षांचा होतो, पंधरा वर्षांचा होतो, वीस वर्षांचाही झालो. त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही.

महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. नामदेव पायरीवर डोकं टेकताना ती डोळ्यांसमोर येते. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर मजूर होते. भिंत कोसळली, त्याखाली बरीच माणसं गाडली गेली, त्यांत तेही. हे साल 1338 असल्याचं परंपरा सांगते. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि इथे आणून पुरली. ही कथा मी शंभर वेळा ऐकली असेल. शंभरही वेळा हाडांतला विठ्ठल ऐकला. भिंत कुणासाठी बांधली जात होती, मजुरीचं काय, त्यांच्याबरोबर मेलेल्यांच्या घरी कोण गेलं, हे एकाही बुवाने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कामावर असताना मेलेल्या मजुराचा आपण चमत्कार केला. आज गटारात गुदमरून मरणाऱ्यांचं निदान तेवढं तरी करता येत नाही. म्हणून ती बातमी पाचव्या पानावर येते. चोखोबांना जिवंतपणी ज्या दारातून आत घेतलं नाही, त्याच दाराबाहेर त्यांना मेल्यावर मान दिला. ते दार त्यांच्या जातीला उघडायला 1947 साल उजाडावं लागलं. त्यासाठी सानेगुरुजी गावोगाव फिरले आणि शेवटी 1 मेपासून याच पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपाशी बसले. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं, आणि विठ्ठलाच्या पायापर्यंत कुणी पोचायचं यासाठी एका मास्तराला प्राण पणाला लावावे लागत होते!

दार उघडलं. ज्यांच्यासाठी उघडलं, त्यांतल्या एका बाईला एकादशीला ड्यूटी आहे, बारशीला ड्यूटी आहे.

गाडगेबाबांबद्दल बोलायचं तर आपल्यालाच लाज वाटेल. हा माणूस यात्रेला यायचा तो खराटा घेऊन. दिवसा गाव झाडायचा, रात्री वाळवंटात कीर्तन करायचा. ज्यांना पंढरपुरात कुणी उतरवून घेत नव्हतं त्यांच्यासाठी त्याने चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. 1956 साली ते गेले. आता प्रत्येक सरकारी कचेरीत त्यांची तसबीर आहे, तिला हार आहे, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची बक्षिसं आहेत. जयंतीला पुढारी नवाकोरा खराटा हातात धरून फोटो काढतात आणि आधीच झाडून ठेवलेला रस्ता पुन्हा झाडतात. गाडगेबाबांनी खराटा परीट जातीच्या हाताने उचलला होता. ते काम त्यांच्या जातीचं नव्हतं. मुद्दा सगळा तेवढ्यातच होता, आणि आपण नेमका तो गाळून तसबीर लावली.

कुणी म्हणेल, देवाच्या दारी कसल्या घाणेरड्या गोष्टी काढता? मग देवाच्याच घरातलं सांगतो. आषाढीत विठ्ठलाला झोप नसते. यात्रा सुरू होते तेव्हा त्याचा पलंग काढून ठेवतात, दर्शन चोवीस तास सुरू राहतं, आणि देव रात्रंदिवस विटेवर उभा. सारी यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. गाभारा धुऊन निघतो. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने अंघोळ घालतात, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. किती माणसांचा देव हा! लाखो हात पायांना लागून पाय दुखले असतील, उभं राहून अंग मोडलं असेल, हे ज्यांना सुचलं त्यांच्या मनाची हळवी जागा मला कळते. महाराष्ट्राने दगडाचाही शीण ओळखला.

एका वर्षी मी मुद्दाम प्रक्षाळेपर्यंत राहिलो. देवाला काढा दिला त्या रात्री मी भिंतीलगतच्या त्या बाईच्या घरी गेलो होतो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. सबंध पंधरवडा वाकून तिची कंबर धरली होती. सुनेने विटेचा तुकडा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायला दिला होता. ती हातांना खोबरेल चोळत होती. जंतुनाशक पावडरीने बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या. “वास जातो,” ती म्हणाली, “पन जेवताना उजवा हात नाकाशी आला की आठवतं.” मी देवळातून आणलेला बुक्का तिच्यापुढे धरला. दुसरं काही सुचलं नाही. तिने तो कपाळाला लावला, आणि उरलेला नातवाच्या कपाळाला.

त्या वर्षी कार्तिकीला परत गेलो. जनावरांचा बाजार भरला होता, थंडी पडू लागली होती. नगरपालिकेच्या फाटकाशी ती लांबूनच ओळख धरून आली, हातात पिशवी. धाकटा मुलगा, जो आषाढीत बी.ए.च्या निकालाची वाट पाहत होता, त्याचं नाव लागलं होतं. ती पुढच्या महिन्यात निवृत्त होणार, त्याच्या आधीच कागद पुरे झाले. आता पगार कायमचा, पेन्शनीची काळजी नाही, मुलीकडचे लोकही हो म्हणतील. तिचा चेहरा इतका उजळला होता की माझ्या तोंडून अभिनंदनाशिवाय काही निघालं नाही. तिने पिशवीतला पुडा उघडला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. हातावर, हात टेकवून.

“कुठल्या खात्यात लागला?” मी विचारलं.

ती हसली. “कुठल्या म्हंजे?”

मी पेढा खाल्ला.